तांदळात लिहिलेलं नाव

मंडळी, ह्या लेखात माझ्या मुलाचं नाव कुठेही येणार नाही. जुनंही नाही आणि नवंही नाही. हे सगळं लिहू का, असं मी त्याला विचारलं तेव्हा त्यानं एवढी एकच अट घातली. त्याच्या नावात ‘ज्ञ’ आहे, इतकं सांगायची सूट मात्र मिळाली आहे. आता पुढचं तुम्हीच ओळखाल. किंडरगार्टनच्या पहिल्या दिवशी बाईंनी हजेरीचा कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला आणि शेवटी हसून आडनावच वाचलं. ‘ज्ञ’चा उच्चार आपण मराठीत एक करतो, हिंदीवाले दुसरा, गुजराती तिसरा. इंग्रजीत तर तो जे आणि एन लिहून देवावर सोडून द्यायचा. दुसरीपर्यंत माझ्या मुलाचं एका अक्षराचं नाव झालं होतं आणि त्यालाही तेच सोपं वाटायचं.

गेल्या मार्चमध्ये तो अठरा वर्षांचा झाला. एप्रिलमध्ये एका रविवारी, वरण-भात वाढत असताना, त्यानं टेबलावर एक कागद ठेवला. नाव बदलण्याचा कोर्टाचा अर्ज. निळ्या शाईत, छान अक्षरात भरलेला.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुमच्यापैकी ज्यांची मुलं इथे वाढली आहेत त्यांना साधारण कल्पना येईल. आजोबांनी ठेवलेलं नाव, अर्थ किती सुंदर, तुला आमची लाज वाटते का, वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आई, तू गोगोलच्या आईपेक्षा जास्त चिडली आहेस.”

आता हा गोगोल म्हणजे झुंपा लाहिरींच्या ‘द नेमसेक’मधला. कादंबरी 2003 सालची. माझ्या मुलाला ती दहावीत अभ्यासाला होती आणि आपल्या बॉस्टनच्या आसपासच घडते, म्हणून तेव्हा मीही वाचली होती. तुम्ही मीरा नायर यांचा 2006 सालचा सिनेमा पाहिला असेल. त्यात त्यांनी बॉस्टन सोडून न्यूयॉर्क घेतलं आहे, ते मला अजून पटलेलं नाही. पण तब्बू आणि इरफान खान असल्यावर फार तक्रार करता येत नाही. गोष्ट थोडक्यात अशी. अशोक आणि अशिमा गांगुली यांना मुलगा होतो. त्याचं नाव अशिमाची आजी कलकत्त्याहून पत्रानं कळवणार असते, ते पत्र पोहोचतच नाही. हॉस्पिटलवाले नाव लिहिल्याशिवाय बाळाला घरी जाऊ देत नाहीत. मग बाप आपल्या आवडत्या रशियन लेखकाचं नाव लिहून टाकतो, तेवढ्यापुरतं म्हणून. ते तेवढ्यापुरतं नाव अठरा वर्षं चिकटून राहतं. येल विद्यापीठात जाण्याआधी मुलगा कोर्टात जातो आणि निखिल होऊन बाहेर येतो.

पहिल्यांदा वाचताना मी अर्थातच आईबापांच्या बाजूनं वाचली होती. एप्रिलमध्ये रागानं परत काढली, मुलाला दाखवायला की बघ, तो गोगोल पुढे किती पस्तावतो. आणि अडकले. कारण ‘गोगोल’ ह्या नावामागचं खरं कारण बापानं मुलाला सांगितलेलंच नसतं. तरुणपणी अशोक एका भयंकर रेल्वे अपघातात सापडलेला असतो. त्याच्या हातात गोगोलच्या गोष्टींच्या पुस्तकाचं पान असतं, ते हललेलं दिसतं म्हणून शोधणाऱ्यांना तो जिवंत असल्याचं कळतं. हे सगळं मुलगा निखिल झाल्यानंतर, पार कॉलेजात असताना, एका रात्री गाडीत बसून बाप सांगतो. तोपर्यंत मुलाच्या दृष्टीनं ते एका विचित्र माणसाचं विचित्र नाव असतं, बस.

मी पुस्तक मिटलं आणि विचार केला, आपण तरी आपल्या पोराला त्याच्या नावाबद्दल काय सांगितलं आहे? अर्थ सांगितला होता. तो तर पुस्तकातही मिळतो.

आणखी एक मजेची गोष्ट. लाहिरी बाईंचं पाळण्यातलं खरं नाव नीलांजना सुदेष्णा. ‘झुंपा’ हे घरचं लाडाचं नाव. ऱ्होड आयलंडमध्ये शाळेत घातलं तेव्हा बाईंना तेच म्हणायला सोपं वाटलं, म्हणून तेच कायम झालं. आज मुखपृष्ठावर जे नाव छापलं जातं ते एका शिक्षिकेच्या सोयीनं ठरलेलं आहे. पंचवीस वर्षांत इथल्या किती शिक्षिकांनी आपल्या किती मुलांची बारशी केली असतील, ते आपल्या रविवारच्या मराठी शाळेच्या हजेरीपटावर बघा. एकेका मुलाच्या नावापुढे कंसात दुसरं नाव असतंच.

तर मे महिन्यात अर्जासोबत लागणारी कागदपत्रं शोधायला मुलानं घरातली पोलादी पेटी उघडली. जन्माचा दाखला काढता काढता त्याला खाकी लिफाफ्यात महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राचं एक जुनं पान सापडलं. 1997 सालचं. त्याला मराठी अडखळत का होईना वाचता येतं, हे आपल्या शाळेचं श्रेय. तो ते पान घेऊन स्वयंपाकघरात आला.

“आई, हे कोण?”

ते माझं माहेरचं नाव होतं. जुनं नाव आणि त्यापुढे नवं नाव.

माझ्या वयाच्या आणि मोठ्या बायकांना हे समजावून सांगायला नको, पण तरुण वाचकांसाठी लिहिते. माझं लग्न 1996 साली सांगलीला झालं. सासरी उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत गेले. लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरले होते. नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि पेढे वाटले. झालं. तेवीस वर्षं मी जी होते ती पाच मिनिटांत संपली. फक्त आडनाव नाही बरं का. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही. मधे वडिलांच्या जागी नवरा. आणि मला तेव्हा, खरं सांगते, काहीच वाटलं नाही. उलट गंमत वाटली. मैत्रिणींचीही बदलली होती. पुढे पासपोर्टच्या वेळी डिग्रीवरचं नाव आणि लग्नाच्या दाखल्यावरचं नाव जुळेना, म्हणून राजपत्रात छापून घ्यावं लागलं. तेच हे पान.

नवं नाव रमा. हे नाव कुठून आलं ते ऐका. नवऱ्यानं कॉलेजात असताना रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचली होती आणि माधवरावांच्या रमेवर तो बेहद्द खूश होता. आपल्याकडे ‘स्वामी’ वाचून मुलींची नावं ठेवणारे, बायकांची नावं बदलणारे पुष्कळ निघतील. कादंबरी 1962 ची, पण तिची जादू आमच्या पिढीपर्यंत टिकून होती. मीही ती वाचून रडले होते. पण ती रमा शेवटी थेऊरला माधवरावांबरोबर सती जाते. ती इतिहासातही गेली, 1772 साली. नव्या सुनेला देण्यासाठी एखाद्या नायिकेचं नाव शोधावं आणि ते नेमकं सती गेलेल्या बाईचं निघावं, यात काही खटकण्यासारखं आहे असं आमच्या दोन्ही घरांत कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही. मुलगा म्हणाला तेव्हा आलं.

“म्हणजे तुला कोणी विचारलंसुद्धा नाही,” तो म्हणाला. “आणि मी स्वतःचं स्वतः बदलतोय तर तू रडतेस.”

मी कणीक मळत होते, ती तशीच मळत राहिले.

त्या आठवड्यात मी श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ परत पाहिला. तो 1977 चा. तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. नसेल तर मुलांबरोबर बघायच्या आधी एकट्यानं बघा. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ ह्या आत्मकथनावर तो बेतलेला आहे. त्यांचं मूळ नाव रतन साळगावकर. पडद्यासाठी हंसा वाडकर झाल्या. आत्मकथनाला नाव दिलं तेही त्यांच्या गाजलेल्या सिनेमाचं. सिनेमात स्मिता पाटीलची उषा पडद्यावर उर्वशी होते. पूर्वी मी हा सिनेमा एका बिचाऱ्या बाईची आणि तिच्या आयुष्यातल्या वाईट पुरुषांची गोष्ट म्हणून पाहिला होता. आता मला वेगळंच काही दिसलं. ती बाई प्रत्येक घरात शिरताना मनापासून तिथली होते. तमाशातली, घरंदाज, आई, प्रेयसी. ती खोटं वागत नाही. पण ती घरं तिला एकच काहीतरी होऊ देतात आणि बाकीची ती बाहेर ठेवून ये म्हणतात. अमरीश पुरींच्या त्या मोठ्या वाड्यात सगळं मिळतं, मानसुद्धा मिळतो. फक्त दाराबाहेर पाऊल टाकायची मुभा नाही. शेवटी ती हॉटेलच्या खोलीत एकटी असते आणि फोन वाजत राहतो. इथे बायका म्हणतात, शेवट अर्धवट वाटतो. मला ह्या वेळी तो बरोबर वाटला. त्या खोलीत तिला कुठल्याही नावानं हाक मारणारं कोणी नसतं.

आता थोडं अवघड लिहायचं आहे. दोन वर्षांपूर्वी आपण लायब्ररीच्या हॉलमध्ये ‘फँड्री’ दाखवला होता, आठवतं? नागराज मंजुळे यांचा पहिला मोठा सिनेमा, पदार्पणासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि जब्याचं काम करणाऱ्या सोमनाथ अवघडे ह्या मुलालाही. शाळेत जांबुवंत आणि गावात जब्या, असा हा कैकाडी समाजातला पोरगा. त्याला जीन्स घालायची असते, तोंडाला पावडर लावून गोरं व्हायचं असतं, वर्गातल्या शालूला आपण आवडावं म्हणून काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडायचं असतं. आणि गाव त्याच्या बापाला डुकरं पकडायला लावतं. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. शेवटी वर्गातली मुलं त्याला त्याच शब्दानं हाक मारतात. म्हणजे त्याचं तिसरं नाव. तेव्हा तो दगड उचलतो आणि तो दगड थेट आपल्याकडे, पडद्याबाहेर येतो.

दिवे लागले. चहा होता. कोणी फार बोलत नव्हतं. एका मुलीनं, नववीतली असेल, विचारलं, “त्याचं आडनाव माने आहे. मग लोकांना कळतं कसं?” आणि आपण सगळ्या मोठ्यांनी एकदम चकल्यांचं कौतुक सुरू केलं. मीही केलं.

कळतं कसं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. नव्यानं आलेल्या जोडप्याला आपण पहिला प्रश्न काय विचारतो? आडनाव काय? दुसरा, मूळचे कुठले? त्यातही भागलं नाही तर, तुमच्याकडे गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या? हे आपण आपुलकीनं विचारतो असं आपल्याला वाटतं आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण एका सभासदानं मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, की ह्या प्रश्नाच्या भीतीनं आम्ही पहिली चार वर्षं मंडळात आलोच नव्हतो. त्यांचं नाव अर्थात लिहीत नाही. माझं आडनाव मला कधीच कुठल्या दारात अडवत नाही, म्हणून मला ते जाणवतही नाही. माझ्या मुलानं फक्त पहिलं नाव बदलायचं ठरवलं, आडनाव ठेवलं, ह्याचा मला किती दिलासा वाटला होता ते मला त्या वेळी परत आठवलं. कशाचा दिलासा होता तो?

असो. जून उजाडला आणि आता अण्णांना सांगायला हवं होतं. अण्णा म्हणजे माझे सासरे. मुलाचं ‘ज्ञ’वालं नाव त्यांनीच ठेवलेलं. वय चौऱ्याऐंशी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त, सांगलीत एकटे राहतात. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. नवरा म्हणाला, त्यांना कशाला सांगायचं, त्यांच्यासाठी तो जुन्या नावानंच राहील. मुलगा म्हणाला, नाही, मी सांगणार. व्हिडिओ कॉल लावला. इकडे रात्र, तिकडे सकाळ. अण्णा नुकते फिरून आलेले, डोक्याला मफलर. मुलानं आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सगळं सांगितलं. नाव कोणाला म्हणता येत नाही, म्हणून तो स्वतःही ते कधी म्हणत नाही, आणि त्यामुळे ते आपलं वाटतच नाही.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं नेट गेलं.

मग म्हणाले, “माझं नाव तुला ठाऊक आहे का?”

मुलानं सांगितलं.

“ते मास्तरांनी लावलं. मी धोंडू.”

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही. अण्णांच्या आधी दोन भावंडं लहानपणीच गेली होती. म्हणून तिसऱ्याचं नाव धोंडू ठेवलं. दगड-धोंड्याकडे कोण बघतंय, दृष्ट लागणार नाही, मरण वळणार नाही. अशी नावं आपल्याकडे घरोघर होती. दगडू, धोंडू, केरबा. सहा वर्षांचा झाल्यावर वडील शाळेत घेऊन गेले. मास्तर म्हणाले, हे काय नाव झालं, आणि स्वतःच एक देवाचं नाव लिहिलं. जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती, तीही लिहिली, 1 जून. “आमच्या वर्गात अर्धी पोरं एक जूनची,” अण्णा म्हणाले. घरात मात्र ते धोंडूच राहिले. आई, वडील, थोरली बहीण. बहीण चार वर्षांपूर्वी गेली. ती फोनवर शेवटपर्यंत त्यांना धोंड्या म्हणायची. “आता कोण म्हणत नाही,” ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही, हवापाण्यासारखं.

मग त्यांनी एकदम ‘नटसम्राट’ काढला. अण्णांचं सगळं बोलणं शेवटी नाटकावर येतं, सांगलीकर आहेत. विष्णुदास भाव्यांच्या गावचे. डॉ. श्रीराम लागूंचा ‘नटसम्राट’ त्यांनी सांगलीला भावे नाट्यमंदिरात पाहिला होता. शिरवाडकरांचं ते नाटक 1970 च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं. लागू त्याच्या आदल्याच वर्षी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकीतून बाहेर पडून पूर्ण वेळ नट झाले होते. त्याआधी काही वर्षं ते आफ्रिकेत, टांझानियातल्या टबोराला डॉक्टर होते. म्हणजे तेही कधीकाळी आपल्यासारखे परदेशातले मराठी डॉक्टर. आपल्या मंडळातल्या नाटकवेड्या डॉक्टरांनी ह्यातून काय बोध घ्यायचा तो घ्यावा, त्यांच्या घरच्यांनी मला फोन करू नये.

‘नटसम्राट’ म्हटलं की आपण सगळे कृतघ्न मुलांवर येतो. परदेशात राहणाऱ्यांना तर ते नाटक बघताना खुर्चीत नीट बसवत नाही. 2016 मध्ये नाना पाटेकरांचा सिनेमा आला तेव्हा थिएटरातून निघाल्यावर आमच्या गाडीत चाळीस मिनिटं कोणी बोललं नव्हतं. पण अण्णांना त्यातलं दुसरंच काही लागलं होतं. ते म्हणाले, बेलवलकरांना घर गेल्याचं दुःख आहेच, पण घर तर ते स्वतःच वाटून मोकळे झाले होते, लिअर राजासारखे. खरे ते उघडे पडतात कावेरी गेल्यावर. हजारो प्रेक्षकांसाठी ते हॅम्लेट होते, ऑथेल्लो होते, नटसम्राट होते. ज्या बाईला ते ‘सरकार’ म्हणायचे, तिच्यासमोर ते नुसते गणपतराव होते. ती गेली आणि तो गणपतराव बघितलेलं माणूसच उरलं नाही. मग रस्त्यावर नाटकातली भाषणं म्हणत फिरायचं, दुसरं करणार काय?

हे मी अण्णांच्या शब्दांत लिहिलेलं नाही, त्यांचे शब्द कमी होते आणि सांगलीचे होते. पण मी इतकी वर्षं हे नाटक मुलांची चूक मोजत पाहिलं, हे खरं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला पैसे पाठवतो, बाई ठेवली आहे, रोज फोन करतो, म्हणजे आपण त्या नलूसारखे नाही, असा माझा हिशोब होता. त्याला धोंड्या म्हणणारं कोणी राहिलं नाही, हे त्या हिशोबात कुठेच नव्हतं.

मुलानं विचारलं, “आजोबा, मी तुम्हाला धोंडू म्हणू का?”

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “आजोबाला नावानं हाक मारतोस? एवढाही अमेरिकन होऊ नकोस,” म्हणाले.

अर्ज जुलैमध्ये दाखल झाला. दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा निकाल लागलेला असेल. नवं नाव त्यानं स्वतः निवडलं आहे, सोपं आहे, आणि खरं सांगायचं तर वाईट नाही. जुनं नाव तो मधे घालणार होता, पण तिथे वडिलांचं नाव आहे आणि ते काढायचं नाही यावर बरीच चर्चा झाली. शेवटी त्या चौकोनात दोन्ही लिहिली. कारकून बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मुलगा म्हणाला, थांबा, मी सांगतो, आणि त्यानं ‘ज्ञ’ आपल्या मराठी पद्धतीनं, अगदी स्वच्छ म्हणून दाखवला. मी मागे उभी होते.

माझ्या आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला माझ्या जुन्या नावानं हाक मारून विचारलं, यंदा फराळाला भाजणी पाठवू का, की तिकडे मिळते?